यंत्रानं न वाचलेल्या ओळी

पारनेर तालुक्यातलं सुपा हे ‘नगर रोडवरचं सुपा’ असं फोड करून सांगावं लागतं. नुसतं सुपा म्हटलं की बारामतीकडचा माणूस ते आपलंच धरून चालतो, आणि इतिहासात त्याचीच बाजू वरचढ आहे, कारण शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे ते. गुजरातेत नवसारीजवळ एक सुपा आहे. उत्तर कन्नडमध्ये काळी नदीवरच्या धरणाला ज्याचं नाव आहे तेही सुपाच. बोलताना याचा फारसा घोळ होत नाही; आपण कुठे उभे आहोत हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. घोळ होतो तो यातलं काहीच ठाऊक नसलेल्या तिसऱ्याच्या हाती पाकीट पडलं की. टपालखातं हा असा तिसरा. संगणक हा त्याहून अडाणी.

ठिकाण सांगायच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. ‘शिरूर सोडा, घोडनदीचा पूल ओलांडा, नारायणगव्हाण गेलं की सुपा’ ही एक. ‘मु. पो. सुपा, ता. पारनेर, जि. नगर’ ही दुसरी. पहिली वाट सांगते, पण ती पुण्याहून येणाऱ्यालाच उपयोगी. नगरहून निघालेल्याला केडगाव, चास, कामरगाव अशी दुसरीच माळ लागते. दुसरी रीत कुठूनही चालते, पण वाट सांगत नाही. कोण कुणाच्या पोटात आहे एवढंच ती सांगते. १९८०च्या दशकात ई-मेलची एक मोठी शाखा पहिल्या रीतीवर चालत होती, आणि ती चालावी म्हणून जगभरातली काही माणसं, बहुतेक बिनपगारी, दर महिन्याला एक सामाईक नकाशा दुरुस्त करत होती. त्या नकाशाची आठवण आज काढायची ती हळहळण्यासाठी नव्हे. सार्वजनिक नोंदी कशामुळे जिवंत राहतात आणि कशामुळे मरतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडत नाही.

व्यवस्था साधी होती. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी एका युनिक्स यंत्रावरच्या फायली दुसऱ्या युनिक्स यंत्रावर पाठवण्यासाठी यूयूसीपी नावाचा कार्यक्रम लिहिला. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो सगळीकडे पसरला. यंत्राला मोडेम जोडायचा, रात्री फोनचे दर उतरले की त्यानं शेजारच्या यंत्राला फोन लावायचा, साठलेली पत्रं द्यायची, तिकडची घ्यायची, फोन ठेवायचा. दूरच्या यंत्राला पत्र धाडायचं तर मधल्या सगळ्या यंत्रांची नावं क्रमानं लिहायची, मध्ये उद्गारचिन्हं देऊन: अमुक!तमुक!फलाणं!माणूस. पत्त्यात आठ-दहा नावं असणं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नवलाचं नव्हतं, आणि पत्र पोचायला आठवडाही लागे. काही यंत्रं मोठ्या जंक्शनसारखी सर्वांना माहीत झाली: इलिनॉयमधल्या बेल लॅब्जचं आयएचएनपी४, डिजिटल कंपनीचं डेकव्हॅक्स, ॲमस्टरडॅमच्या गणित संस्थेचं एमसीव्हॅक्स, व्हर्जिनियातल्या भूकंप-अभ्यास केंद्राचं सिस्मो. लोक आपला पत्ता या जंक्शनपासून पुढचाच द्यायचे. तिथवर कसं पोचायचं ते ज्याचं त्यानं बघायचं.

‘ज्याचं त्यानं बघायचं’ हे शंभर यंत्रांपर्यंत ठीक चाललं. यंत्रं हजारांत गेल्यावर नकाशा हवा झाला. मेरी ॲन हॉर्टन यांच्या पुढाकारानं यूयूसीपी नकाशा प्रकल्प उभा राहिला. प्रत्येक यंत्राच्या व्यवस्थापकानं आपली नोंद लिहून पाठवायची, विभागवार स्वयंसेवकांनी ती तपासून फायलीत बसवायची, आणि सगळा संच दर महिन्याला सगळ्यांना वाटायचा. त्यावरून वाट शोधून देणारा कार्यक्रम होता पाथएलियस. स्टीव्ह बेलोविन आणि पीटर हनीमन यांचा. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा असलेला डायक्स्ट्रा यांचा सर्वांत स्वस्त मार्ग काढायचा हिशेब त्यात होता.

नोंद कशी असायची? समजा तेव्हा सुप्यात असं एखादं यंत्र असतं. तर त्याच्या नोंदीत आधी काही ओळी चौकटीच्या (#) चिन्हानं सुरू झाल्या असत्या: यंत्राचं नाव, ते कोणत्या बनावटीचं, संस्था कोणती, संपर्काचा माणूस कोण, त्याचा फोन, टपालाचा पत्ता, अक्षांश-रेखांश, आणि शेवटी ही नोंद शेवटची कुणी व कोणत्या तारखेला बदलली. त्याखाली खरी कामाची ओळ एकच: ‘सुपा नगर(अवरली), शिरूर(डेली)’. म्हणजे नगरच्या यंत्राशी दर तासाला बोलणं होतं, शिरूरच्या यंत्राशी दिवसातून एकदा.

कंसातल्या त्या शब्दांना पाथएलियसनं किंमत लावून ठेवली होती. तासाला एकदाची जोडणी ५००, दिवसातून एकदाची ५,०००, आठवड्यातून एकदाची ३०,०००. दिवसाचे तास २४, मग रोजच्या जोडणीची किंमत तासाच्या चोवीसपट का नाही? दहापटच का? चोवीसपट ठेवली असती तर एका रोजच्या जोडणीऐवजी कार्यक्रमानं पत्र तासातासाच्या तेवीस जोडण्यांवरून फिरवलं असतं आणि हिशेबानं ते बरोबरही ठरलं असतं. पण प्रत्येक मधलं यंत्र म्हणजे पत्र अडकायची, हरवायची, डिस्क भरलेली असायची एक जास्तीची शक्यता. ती या आकड्यात मुरवलेली होती. म्हणजे हे आकडे वेळ मोजत नव्हते. त्यात यंत्रं आणि ती चालवणारी माणसं किती भरवशाची, याचा चटके खाल्लेल्यांनी बांधलेला अंदाज होता. अल्गोरिदम तटस्थ असतो असं म्हणणाऱ्यांनी ही ५०० आणि ५,००० ची जोडी एकदा डोळ्यांखालून घालावी.

आता मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. चौकटीच्या चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी पाथएलियस वाचतच नसे. त्याच्या लेखी त्या शेरे होत्या. तो थेट जोडण्यांच्या ओळीवर उडी मारी. वाट काढायला माणसाचं नाव लागत नाही, फोन नंबर लागत नाही, कुणी कधी दुरुस्ती केली हेही लागत नाही. पण वाट चुकली की लागतं ते नेमकं हेच सगळं. पत्र परत आलं, मधलं एखादं यंत्र तीन दिवस गप्प आहे असं कळलं, की माणूस त्या न वाचलेल्या ओळी उघडायचा आणि तिथल्या माणसाला विचारायचा. त्यानं ‘आमचा तो मोडेम काढला’ म्हटलं की पुढच्या महिन्याच्या नकाशात दुरुस्ती यायची. यंत्र जोडण्यांवर चालत होतं. नकाशा मात्र या शेऱ्यांवर तगून होता.

आणि दुरुस्ती करणं सोपं नव्हतं, कारण नकाशात जोडणी जाहीर करणं म्हणजे आपल्या दारातून वाट देणं. नोंदीत तुम्ही ‘तासाला एकदा’ लिहिलंत की जगभरचे कार्यक्रम हिशेब करून परक्यांची पत्रं तुमच्या यंत्रातून काढणार, आणि पुढच्या फोनचं बिल तुमच्या संस्थेच्या नावावर. लपवलीत तर बिल वाचलं, पण तुमचंही पत्र लांबच्या वाटेनं येणार. म्हणून कुणी किंमत मुद्दाम चढवून लिही, कुणी जोडणी ‘मृत’ म्हणून नोंदवी, म्हणजे दुसरा इलाज नसेल तरच कुणी इकडे फिरकावं. बांधावरून जाणाऱ्या रस्त्याची भांडणं ज्यानं तहसीलमध्ये पाहिली आहेत त्याला यात काही नवं वाटणार नाही. मोठ्या जंक्शनांचा भार मोठ्या कंपन्या मुकाट सोसत होत्या तोवर सगळं निभलं. मग सिस्मो सांभाळणाऱ्या रिक ॲडम्स यांनी १९८७ मध्ये यूयूनेट सुरू केलं: जोडणी हवी तर पैसे भरा. यात काही लोकांना परंपरा बुडाल्याचं दुःख झालं. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. फुकट वाटेचं बिल कुणीतरी भरतच होतं. ते आता पावतीवर आलं.

भारत या गोष्टीत आला तो नेमक्या याच वळणावर. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं १९८६ मध्ये अर्नेट हे संगणकांचं जाळं सुरू केलं. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीत खुद्द विभाग आणि मुंबईत जुहूचं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघालेल्या या केंद्राचे संचालक होते श्रीनिवासन रमाणी. अर्नेटवर सुरू झालेली पहिली सेवा यूयूसीपीची टपाल हीच. एनसीएसटीच्या दारातल्या यंत्राचं नाव शक्ती. परदेशातून भारतातल्या प्राध्यापकाला लिहायचं तर पत्ता ‘यूयूनेट!शक्ती!’ असा सुरू होई.

अमेरिकेचा नकाशा जाळ्यासारखा होता. एक वाट तुटली तर दुसरी. आपला झाडासारखा. देशाबाहेर जायचं तर जुहूच्या दारातून. अशा नकाशात पाथएलियसच्या हुशारीला वावच नाही, कारण निवडायला काही नाही. तिथे सगळा भार दाराशी बसलेल्यांवर. परदेशी फोन महाग, मिनिटं मोजकी, तारा आपल्या तेव्हाच्या. दिल्ली-मुंबई अशी ९.६ किलोबिटची पहिली कायमची जोडणी बसली ती जानेवारी १९९१ मध्ये, आणि मुंबईहून व्हर्जिनियाला यूयूनेटशी ६४ किलोबिटची, १९९२ मध्ये. आज मोबाइलवर आलेला लग्नपत्रिकेचा व्हिडिओही त्या दुसऱ्या तारेला बराच वेळ अडवून बसला असता.

मधल्या काळात पत्त्याची रीतही बदलत होती. अमेरिकेत पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नावांची व्यवस्था मांडली. भारताचं .इन हे नाव ८ मे १९८९ रोजी नोंदलं गेलं आणि त्याची देखभाल एनसीएसटीकडे आली. म्हणजे जुहूच्या त्याच इमारतीत एकीकडे उद्गारचिन्हांची वाट, दुसरीकडे ‘शक्ती.एनसीएसटी.अर्नेट.इन’ असा मुक्काम-पोस्ट-तालुका-जिल्हा छापाचा पत्ता. काही वर्षं दोन्ही रीती एकाच ओळीतही यायच्या. उद्गारचिन्ह डावीकडून वाचायचं, ॲटचं चिन्ह उजवीकडून. दोन्ही एका पत्त्यात आली तर आधी कुणाकडे जायचं यावर एक यंत्र एक म्हणे, दुसरं दुसरं, आणि दोघांचंही आपापल्या नियमानं बरोबर असे.

जुनी रीत मोडली त्याचं कारण लोक आळशी झाले हे नव्हे. सगळ्यांनी सगळं जाणायचं ही तिची अटच पेलवणारी नव्हती. प्रत्येक यंत्राकडे साऱ्या जगाचा नकाशा, तोही महिनाभर शिळा. एका टोकाला कुणी मोडेम बदलला तर त्याची खबर दुसऱ्या टोकाच्या प्रत्येकाला हवी. शिवाय नावांचा प्रश्न. हजारो यंत्रं, आणि नाव ठेवणारे सगळे तीच ती कादंबऱ्यांतली पात्रं आवडणारे. एकाच नावाची दोन-तीन यंत्रं निघायचीच. प्रकल्पाची निम्मी वर्दळ याच कटकटीची असेल.

यातूनच तो गाजलेला वाद झाला. पाठवणाऱ्यानं पूर्ण वाट लिहून दिली आहे. मधल्या जंक्शनला वाटतं, माझा नकाशा ताजा आहे, मी जवळची वाट काढतो. त्यानं मधली नावं गाळून शेवटच्या नावाकडे थेट पत्र धाडलं तर? बऱ्याचदा पत्र लवकर पोचे. पण कल्पना करा: पाकिटावर ‘शिरूरवरून सुपा’ लिहिलंय, आणि अतिशहाण्या सॉर्टरनं शिरूर खोडून ते आपल्या ओळखीच्या सुप्याला, म्हणजे बारामती तालुक्यात पाठवलं. ‘शिरूरवरून’ हा त्याला फापटपसारा वाटला. खरं म्हणजे कोणतं सुपा हे तेवढ्या एका शब्दानंच ठरत होतं. यंत्रांच्या बाबतीत नेमकं हेच घडत होतं. या वादात मी निःसंकोच पाठवणाऱ्याच्या बाजूचा आहे. ज्याचा नकाशा मोठा त्याला वाटतं आपल्याला सगळं कळतं. नकाशात नसलेली एखादी गोष्ट समोरच्याला ठाऊक असेल, ही शंकाच त्याला येत नाही. आज रस्ता दाखवणारं ॲप गाव ओलांडून ओढ्यात नेतं तेव्हा दोष हाच असतो.

सगळ्यांनी सगळं जाणायचं नाही, तर काय जाणायचं? याचं उत्तर डोमेन नावांच्या अकरा वर्षं आधी भारतीय टपालखात्यात एका मराठी माणसानं दिलं होतं. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित आणि कवी, टपाल-तार मंडळाचे ज्येष्ठ सदस्य. त्यांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला. सारखी गावनावं, निरनिराळ्या लिप्या, चुकलेले पत्ते, हाच घोळ त्यांच्यापुढे होता. सुप्याचा पिन ४१४३०१. पहिला ४ म्हणजे पश्चिमेकडचा विभाग, महाराष्ट्र-गोवा-मध्य प्रदेश-छत्तीसगडचा. ४१४ म्हणजे नगरचा छाननी-जिल्हा. पुढचे ३०१ म्हणजे पत्र वाटणारं कार्यालय. कोलकात्याच्या सॉर्टरला सुपा कुठे हे कळायची गरज नाही. त्यानं पाकीट ४च्या पिशवीत टाकायचं. नगरच्या सॉर्टरला सुप्यातल्या वाड्या-वस्त्या कळायची गरज नाही. प्रत्येकानं आपल्या खालच्या एका पायरीपुरतं जाणायचं.

लोक पिनकोडला जागेचा आकडा समजतात, तिथे गफलत होते. तो जबाबदारीचा आकडा आहे. ३०१ कुठे आहे हे तो सांगत नाही, पुढचं विचारायचं कुणाला ते सांगतो. डोमेन नावांचं मर्मही हेच: .इन कडे विचार, तो अर्नेटकडे बोट दाखवेल, अर्नेट एनसीएसटीकडे. नगर जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. जुनं नाव लिहिलेली पाकिटं सुप्यात येतातच, कारण ४१४ची जबाबदारी ज्याची होती त्याचीच राहिली.

मग जुना नकाशा गेला ते उत्तमच झालं, असं म्हणून उठता येईल का? वाट जाणण्याची सक्ती गेली, हे उत्तम. पण तिच्याबरोबर त्या न वाचलेल्या ओळीही गेल्या. डोमेनच्या नोंदीतही सुरुवातीला माणसाचं नाव, फोन, पत्ता उघड असे. मग जाहिरातवाले आणि भामटे ते ओरबाडू लागले, आणि २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा आल्यावर बहुतेक नोंदींतलं नाव झाकलं गेलं. ते झाकणं मला पटतं. कुणाचा घरचा फोन जगाला का दिसावा? मात्र माणसाचं नाव झाकताना हुद्दाही झाकला गेला. नोंद चुकीची दिसली तर सांगायचं कुणाला, याचं उत्तर आता बऱ्याच ठिकाणी एक कोरा अर्ज आहे, ज्याला उत्तर येईलच असं नाही.

जमिनीवरच्या नकाशांतही हेच झालं. गूगलनं २००८ मध्ये मॅप मेकर काढलं. भारतातल्या हौशी लोकांनी आपापल्या भागातले रस्ते, शाळा, दवाखाने हातानं भरले. २०१७ मध्ये कंपनीनं ते बंद केलं. लोकांनी भरलेलं कंपनीच्या नकाशात उरलं, भरणारे बाहेर. ओपनस्ट्रीटमॅपवर मात्र प्रत्येक रेघेमागे ती कुणाच्या खात्यातून, कोणत्या तारखेला बदलली हे आजही उघड दिसतं. यूयूसीपी नोंदीच्या तळाशी असलेली तीच ओळ. त्या नकाशात खेड्यांचे रस्ते कमी असतील, पण जो आहे त्याबद्दल भांडायला कुणीतरी सापडतो.

सुप्याला हे सगळं हवेतलं वाटणार नाही. एमआयडीसी वाढली, जपानी कंपन्यांसाठी वेगळा पट्टा आखला गेला, परराज्यांतले ट्रक पुणे-नगर रस्त्यावरून आत वळू लागले. ‘गेट कुठलं?’ म्हणून ड्रायव्हरचा फोन येतो, आणि इकडचा माणूस पुन्हा पहिल्या रीतीवर येतो: फाट्यावरून आत या, टाकी दिसली की डावीकडे. पिनकोड त्याला ३०१ पर्यंत आणतो, त्यापुढे गप्प.

ही उणीव भरायला टपालखात्यानं २०२५ मध्ये डिजिपिन आणला. साऱ्या देशावर सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटी, आणि प्रत्येकीला दहा अक्षरांचा संकेत. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र यांच्या मदतीनं केलेलं हे काम नेटकं आहे. त्यात माहितीचा साठाच नाही. अक्षांश-रेखांशांवरून सूत्रानं निघणारा संकेत तो, त्यामुळे शिळा व्हायचा प्रश्नच नाही. रुग्णवाहिकेला रात्री वस्तीवर बोलवायचं तर ही दहा अक्षरं लाख मोलाची.

पण त्याला पिनकोडचा वारस म्हणू नये. पिन विचारायचं कुणाला ते सांगतो, डिजिपिन कुठे ते सांगतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकट बरोबर असून तिच्याकडे जाणारा रस्ता बंद आहे, पुलाचं काम चालू आहे, त्या गेटातून आता माल घेत नाहीत, हे त्या दहा अक्षरांत येऊ शकत नाही, आणि यावंही असं नाही. ते कुणाला तरी ठाऊक असतं. सुप्यासारख्या गावात ते बहुधा रोज तिथून पत्रं घेऊन फिरणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाला ठाऊक असतं. संकेत सूत्रातून निघतो. रस्त्याची, गेटाची, वस्तीच्या नावाची नोंद वेगळी ठेवावी लागेल, तिच्यात दुरुस्ती करायचा अधिकार डाक सेवकाच्या हुद्द्याला द्यावा लागेल आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली ती तारीख उघड दिसावी लागेल. यूयूसीपीच्या काळात हे काम हौसेनं झालं, कारण करणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी केलेली होती. डाक सेवकाला त्याचा मोबदला द्यावा लागेल, आणि तो कोणत्या खात्यानं द्यायचा, टपाल की एमआयडीसी की ग्रामपंचायत, यावर वाद होईल. तो वाद संकेतांच्या अचूकतेवर चाललेल्या चर्चेपेक्षा आधी व्हायला हवा होता.